बाबांनी ऐकलं ते

आम्ही बेंडिगोला आलो ते व्हिसाच्या गुणांसाठी. आता सांगायला हरकत नाही. मेलबर्नला पॉइंट कुकमध्ये आम्ही भाड्याने राहत होतो. मोठ्या शहराबाहेरच्या रीजनल भागात गेलात तर पीआरचं, कायम राहण्याच्या परवानगीचं, लवकर जमेल असं एजंटने सांगितलं, आणि नवऱ्याने त्याच संध्याकाळी नकाशा उघडला. मला तिथल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम मिळालं. त्याचं आयटीचं काम घरून चालणारं, आठवड्यातून दोनदा ट्रेनने मेलबर्नला जायचं. तीन वर्षं काढू आणि परत येऊ, असं ठरलं होतं.

पण मला ते शहर आवडून बसलं.

माझं कॉलेज मुंबईला फोर्टमध्ये होतं. बेंडिगोत पहिल्याच शनिवारी मोठ्या रस्त्यावर उभी राहिले आणि वाटलं, हे आपण पाहिलेलं आहे. त्याच दगडी कमानी, तसाच घड्याळाचा मनोरा, तशाच उंच खिडक्या. बांधणारेही तेच लोक, काळही साधारण तोच. फरक एवढाच की तिकडे त्या इमारतींच्या भेगांतून पिंपळ उगवलेले, वायरी लोंबणाऱ्या आणि खाली झेरॉक्सवाले, आणि इथे सगळं धुऊन पुसून ठेवलेलं. राणीचा पुतळासुद्धा जागेवर होता. आमच्याकडून तिला केव्हाच उचलून नेलं होतं. दुकानांपुढे बिडाच्या नक्षीचे व्हरांडे, मधून एक जुनी ट्राम पर्यटकांना घेऊन फिरायची. हे सगळं जमिनीतून काढलेल्या सोन्यावर उभं राहिलंय, हे कुणीही पहिल्या पाच मिनिटांत सांगायचं. शहर कडेकडेने वाढत होतं, दर महिन्याला एखादी नवी वसाहत, नवी शाळा, नवा रस्ता. पण मधला भाग तसाच राहिला होता, आणि माझं मन त्या मधल्या भागात अडकलं.

म्हणून पीआर आल्यावर घर घ्यायची वेळ आली तेव्हा मी हट्ट धरला. आमच्या मराठी ग्रुपमधल्या सगळ्यांनी शहराच्या कडेला नवी घरं घेतली होती. त्यांनी मला वेड्यात काढलं. ‘जुनं घर म्हणजे वाळवी आणि थंडी,’ एक मैत्रीण म्हणाली, ‘नवं घे, चावी फिरव आणि राहायला जा.’ मी ऐकलं नाही. आम्ही एका खाणकामगाराचं जुनं घर घेतलं. लाकडी फळ्यांचं, पत्र्याच्या छपराचं, समोर छोटासा व्हरांडा. मागे लांबट परस, त्यात एक शेड, कपडे वाळत घालायचा फिरता खांब आणि त्याच्याशेजारी मोठी लिंबोणी.

सप्टेंबरात माझे सासरे तीन महिन्यांसाठी आले. सासूबाईंना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. ठाण्यात ते एकटे राहायचे, माझी नणंद दोन बिल्डिंग सोडून. आयुष्यभर त्यांनी म्युनिसिपालटीच्या पाणीखात्यात काढलं होतं. त्यांचं काम म्हणजे गळती शोधणं. लांब लोखंडी सळई, तिच्या वरच्या टोकाला पितळेची वाटी. सळई जमिनीला किंवा व्हॉल्व्हला टेकवायची, वाटीला कान लावायचा, आणि रस्त्याखाली पाइप कुठे फुटलाय ते सांगायचं. पुढे यंत्रं आली, पण यंत्राने दाखवलेली जागा खोदण्याआधी साहेब त्यांना बोलावून घ्यायचे, असं नवरा अभिमानाने सांगायचा. निवृत्तीनंतरही त्यांच्या आणि आजूबाजूच्या सोसायट्यांमधून त्यांना बोलावणं यायचं.

माझी शिफ्ट दुपारची. नवरा मुलीला शाळेत सोडून आपल्या खोलीत कामाला बसायचा किंवा ट्रेन पकडायचा. त्यामुळे सकाळी घरात मी आणि बाबा. ते सात वाजता चहाचा कप घेऊन परसात जायचे आणि प्लास्टिकची पांढरी खुर्ची लिंबोणीखाली ओढून बसायचे. थंडी असली तरी मफलर गुंडाळून. साडेआठला आत यायचे. मला वाटायचं, बसू दे, कोवळं ऊन आहे.

दुसऱ्या की तिसऱ्या आठवड्यात मी कपडे वाळत घालायला गेले तर बाबा खुर्चीतून पुढे वाकले होते. शेडमधली जुनी पहार त्यांनी गवतात रोवली होती, आणि तिच्या टोकाला उलटी वाटी धरून ते कान लावून बसले होते. आमच्याच स्वयंपाकघरातली वाटी.

“बाबा, काय करताय?”

त्यांनी हात वर करून मला थांबवलं. बराच वेळ. मग म्हणाले, “अगं, इथं खाली पाणी आहे. वाहतंय.”

“झाडांना पाणी घालायचा पाइप असेल.”

“पाइप एवढा खोल नसतो.”

“खोल म्हणजे?”

“खोल,” ते म्हणाले आणि पुन्हा कान लावला.

पुढचे दहा दिवस त्यांनी हाच विषय धरला. जेवताना, टीव्ही बघताना. “गळती बघून घ्या रे. जमीन पोखरते.” नवरा वैतागला. शेवटी वडिलांच्या समाधानासाठी त्याने प्लंबर बोलावला. तो आला, सगळे नळ बंद करायला लावले, मीटरपाशी गुडघ्यावर बसला आणि अर्धा तास नुसता बघत राहिला. मीटर जागचा हलला नाही. “ऑल गुड, मेट. थेंबभरसुद्धा कुठे जात नाहीये.”

बाबा मागे हात बांधून उभे होते. प्लंबर गेल्यावर म्हणाले, “मीटरला काय कळतं.”

“बाबा, पुरे आता,” नवरा म्हणाला. “वयोमानाने कान वाजतात. डॉक्टरला दाखवू या का?”

मी भांडी आवरत राहिले. मलाही तेच वाटत होतं.

त्यानंतर त्यांनी पाण्याचं नाव काढलं नाही. पण रोज सकाळी तिथेच बसत राहिले. पहार आता रोवलेलीच असायची, आणि मी बाहेर आले की ते वाटी खाली ठेवायचे.

नोव्हेंबरच्या शेवटी आम्ही त्यांना मेलबर्नच्या विमानतळावर सोडून आलो. दोन दिवस पाऊस पडला. तिसऱ्या दिवशी उघडलं म्हणून मी सकाळी साचलेले कपडे धुतले आणि टोपली घेऊन मागे गेले.

लिंबोणीखाली खुर्ची नव्हती.

आधी मला एवढंच दिसलं. वाऱ्याने उडाली असेल म्हणून मी कुंपणाकडे पाहिलं. मग आणखी चार पावलं टाकली आणि थांबले. गवतात भोक होतं. भोक म्हटलं की गोल वाटतं, ते तसं नव्हतं. चौकोनी होतं, लांबट, चारी कोपरे काढलेलं. आपल्याला ज्या आकाराची भीती वाटते तोच, कबरीचा आकार. आतल्या पिवळ्या मातीच्या भिंती सरळ खाली गेल्या होत्या, आणि त्यांच्यावर तिरक्या रेघा होत्या, एकाखाली एक. कुदळीच्या रेघा. कालच कुणी मारल्यासारख्या ताज्या. लिंबोणीची दोन मुळं तुटून हवेत आली होती. खुर्ची नाही, पहार नाही. खालून गार हवा येत होती, ओल्या लाकडाच्या वासाची.

मी उलट्या पावलांनी दारापर्यंत आले. टोपली माझ्या हातातच होती.

दुपारपर्यंत परसात पिवळं कुंपण लागलं आणि सरकारी खाण खात्याचा एक माणूस आला. पन्नाशीचा, शांत बोलणारा. पट्टा बांधून तो फळीवर आडवा झाला आणि टेप खाली सोडत गेला. टेप संपता संपेना. पस्तीस मीटरवर पाणी लागलं. पाण्याखाली किती आहे ते त्याला सांगता आलं नाही.

ही जुनी खाणविहीर, त्याने समजावून सांगितलं. दोघातिघांनी मिळून हाताने खणलेली. सोनं लागलं नाही की माणसं पुढे निघून जायची. तोंडावर ओंडके टाकायचे, वर माती, की झालं. मग शंभर-सव्वाशे वर्षांत ओंडके कुजतात. अशा किती नकाशावर आहेत आणि किती नाहीत, कुणालाच ठाऊक नाही. आमची नव्हती. “हे सगळं गाव आतून पोकळ आहे,” तो म्हणाला. एरवी कुणी म्हटलं असतं तर मला ते सुंदर वाटलं असतं.

मग वहीत लिहीत त्याने विचारलं, “परसाचा हा भाग कुणी वापरायचं का?”

“माझे सासरे,” मी म्हटलं. “रोज सकाळी. दीड तास.”

त्याने पेन थांबवलं. “आता कुठे आहेत ते?”

“सोमवारी भारतात गेले.”

त्याने वही मिटली आणि विचारलं, “चहा मिळेल का जरा?” चहा त्याला नको होता. त्याला मला तिथून आत न्यायचं होतं.

माझा फोन गेल्यावर नवऱ्याने ट्रेनमधूनच ठरवून टाकलं होतं. घरी आल्या आल्या म्हणाला, “बाबांना कळवायचं नाही. ते खचतील. परत यायचं नाव काढणार नाहीत.” मी मान हलवली. तेव्हा ते शहाणपणाचं वाटलं. आठवडाभर ट्रक येत राहिले आणि त्या विवरात दगड ओतत राहिले. पहिल्या दिवशी दगड पडल्यावर आवाज यायला वेळ लागायचा. मी स्वयंपाकघरात उभी राहून वाट बघायचे. पुढे पुढे तो वेळ कमी होत गेला. शेवटी काँक्रीटचं झाकण बसवून त्यावर माती आणि गवत.

रविवारच्या व्हिडिओ कॉलवर बाबांनी विचारलं, “काय गं, पाण्याचं काही कळलं का मग?”

“नाही बाबा. काही नाही.”

“लिंबोणी बरी आहे?”

तेवढ्यात आमची सात वर्षांची मुलगी मध्ये घुसली. “आजोबा, गेस व्हॉट, युअर चेअर...” नवऱ्याने तिच्या तोंडावर हात ठेवला आणि हसला. “खुर्ची तुटली, बाबा. स्वस्तातली होती.” बाबाही हसले. मुलगी बापाकडे बघत राहिली. त्या बघण्याची मला नंतर बरेच दिवस लाज वाटत होती.

डिसेंबर-जानेवारीच्या त्या उन्हाळ्यात मी नीट झोपले नाही असं म्हणता येणार नाही. दमून यायचे, झोपायचे. त्रास व्हायचा तो सकाळी. चहा ठेवला की मागच्या खिडकीतून मफलर गुंडाळलेली पाठ दिसेल असं वाटायचं. आणि ती दिसली नाही की मी गॅस बंद करून मागच्या दारापर्यंत जाऊन यायचे. सोमवारऐवजी शुक्रवारचं तिकीट असतं तर? तिकीट मीच काढलं होतं. सोमवारचं मिळालं म्हणून सोमवारचं. कामावर असतानासुद्धा सुईच्या टोकावर रक्ताचा थेंब धरून मी एकदम थांबायचे, आणि शेजारची मुलगी विचारायची, “यू ओके?”

मोठ्या रस्त्यावर जाणं मी कमी केलं नाही. उलट जास्त जायला लागले. मनोरा, कमानी, व्हरांडे, सगळं पूर्वीसारखंच देखणं. फक्त आता एवढा दगड कशावर उभा आहे हा विचार आल्याशिवाय राहायचा नाही.

जूनमध्ये नणंदेचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर ती म्हणाली, “वहिनी, बाबांचं काहीतरी बिनसलंय. सोसायटीची टाकी गळतेय, सेक्रेटरी दोनदा येऊन गेले. बाबा जातच नाहीत. म्हणतात, माझे कान गेले, तिकडे परदेशात सिद्ध झालं. सळईसुद्धा भंगारवाल्याला देऊन टाकली.”

“कुठली सळई?”

“तीच गं. पितळेच्या वाटीची.”

आम्ही त्यांना भीतीपासून वाचवत होतो, निदान तसं समजत होतो. आणि तिकडे त्यांच्याजवळ जे एक स्वतःचं होतं ते त्यांनी भंगारात दिलं होतं, कारण मीटर हलला नव्हता आणि आम्ही गप्प बसलो होतो.

दुसऱ्या दिवशी नवरा मेलबर्नला गेल्यावर मी फोन लावला. ठाण्यात नुकतं उजाडलं असणार. बाबा पहिल्याच रिंगला बोलले.

“बाबा, एक सांगायचंय. रागावू नका.”

“बोल.”

मी सगळं सांगितलं. खुर्चीचंसुद्धा. ते मध्ये एकदाही बोलले नाहीत. संपल्यावर मला वाटलं, आता रडतील किंवा ओरडतील. त्यांनी विचारलं, “तोंड केवढं होतं?”

“दीड मीटर बाय एक असेल.”

“बाजू उभ्या होत्या की ढासळलेल्या?”

“उभ्या. कुदळीच्या खुणा होत्या.”

“आणि पाणी?”

“पस्तीस मीटरवर. बाबा, तुम्ही बरोबर होतात. तुमचे कान बरोबर होते. आम्हीच...”

“पस्तीस मीटर,” ते म्हणाले. “साचलेलं?”

“हो.”

“मग ते पाणी मला ऐकू येणं शक्य नाही. साचलेलं पाणी बोलत नाही. वाहतं तेच बोलतं.”

“पण तुम्हीच म्हणाला होतात, वाहतंय.”

पलीकडे कपबशीचा आवाज झाला. ते चहा घेत होते.

“अगं, पाणी नव्हतंच ते. मी तुला पाणी म्हणालो.”

“मग काय होतं?”

“ठोके यायचे,” बाबा म्हणाले. “चार-पाच ठोके, मग थांबायचं. जरा वेळाने परत. दगडावर लोखंड मारावं तसे. पहिल्या दिवशी वाटलं, शेजारी कुणाचं काम चाललंय. पण पहार उचलली की बंद, टेकवली की सुरू. चाळीस वर्षं हे काम केलं मी. पाइपचा आवाज कुठला, गाडीचा कुठला, झाडाच्या मुळांचा कुठला, सगळं कळतं. ते माणसाचं काम होतं. दमून थांबल्यासारखा थांबायचा.”

“मग पाणी का सांगितलंत?”

“तुझं घर ते. हौसेने घेतलेलं. लहान पोर घरात. तुला काय सांगू, खाली कुणीतरी आहे म्हणून? पाण्याला माणूस घाबरत नाही. पाणी म्हटलं की प्लंबर बोलावतो. म्हटलं, प्लंबर येईल, खणेल, जे असेल ते बाहेर येईल.”

“आणि तुम्ही रोज तिथेच बसायचात! भीती नाही वाटली?”

“नाही गं.” त्यांनी चहाचा घोट घेतला. “सोबत वाटायची. ही गेल्यापासून सकाळचा चहा म्हणजे... तिथं बसलं की वाटायचं, कुणीतरी आपल्या आधीच उठून कामाला लागलंय. बरं वाटायचं.”

मी खिडकीतून मागे बघत होते. नवं गवत जुन्या गवतापेक्षा हिरवं होतं, त्यामुळे चौकोन अजून ओळखू यायचा.

“आता काय केलंत त्याचं?” बाबांनी विचारलं.

“खड्डा भरून घेतला. दगड टाकून. वर काँक्रीट.”

“सगळा? तळापर्यंत?”

“हो बाबा.”

पलीकडे कप बशीवर ठेवल्याचा आवाज आला.

“बरं केलंत,” ते म्हणाले. “पोर खेळते तिथं.” मग म्हणाले, “ह्याला सांगू नकोस. तो मला डॉक्टरकडे नेईल.”

नवऱ्याला मी अजून सांगितलेलं नाही. खाण खात्याच्या त्या माणसाला एकदा फोन करून विचारलं होतं, जरा आडून, की अशा विहिरी खचण्याआधी आवाज करतात का. करतात, तो म्हणाला. लाकूड सरकतं, माती सुटते, खडे पाण्यात पडतात. हे खरंच असणार. फक्त खडे दमून थांबतात का, हे मी त्याला विचारलं नाही.

पुढच्या आठवड्यात नणंदेचा फोन आला, ती चिडलेली. बाबा फॅब्रिकेटरकडे जाऊन नवी सळई बनवून घेऊन आले होते आणि शहात्तराव्या वर्षी सोसायटीच्या टाकीपाशी जमिनीवर आडवे झाले होते. “सापडली का गळती?” मी विचारलं. “सापडली,” ती म्हणाली, “पण सर्दी झाली ना!”

एकदा शिफ्टच्या आधी मी शहराच्या वाचनालयात गेले. तिथे जुन्या कागदपत्रांची एक खोली आहे, एक म्हातारे गृहस्थ हौसेने सांभाळतात. खाणींतल्या अपघातांची नोंद आहे का, म्हणून विचारलं. त्यांनी जाड वही काढली. “कुठलं वर्ष?” मला माहीत नव्हतं. “मग कुठूनही सुरू करा,” ते म्हणाले आणि खुर्ची ओढून दिली. मी तीन पानं वाचली. नाव, वय, कुठून आलेला. बहुतेक विशी-पंचविशीचे, बोटीने कुठून कुठून आलेले, घरच्यांना तीन वर्षांत परत येतो असं सांगूनच निघाले असतील. काहींच्या पुढे कुठे पुरलं ते होतं, काहींच्या पुढे ती जागा कोरी होती. कामाची वेळ झाली म्हणून मी वही मिटली. ते म्हणाले, “कधीही या, नो वरीज.” मी परत गेलेले नाही. आमच्या परसाशी जुळणारं काही सापडलं असतं तर काय केलं असतं मी? आणि सापडलं नसतं तर?

मध्यंतरी नवऱ्याला मेलबर्नमध्ये चांगली नोकरी चालून आली. घर विकून जाऊ या का, त्याने विचारलं. त्याला वाटलं, मी लगेच हो म्हणेन. मी एक दिवस मागून घेतला. त्या दिवशी कामावरून मुद्दाम चालत आले. पोस्टाच्या जुन्या इमारतीवर संध्याकाळचं ऊन होतं, शाळेची मुलं कारंज्याच्या कठड्यावर बसून चिप्स खात होती, आणि एक नवं पंजाबी कुटुंब राणीच्या पुतळ्यासमोर उभं राहून फोटो काढत होतं. त्यांनी मला फोन धरायला दिला. बाईने विचारलं, “दीदी, यहाँ रहना कैसा है?”

“अच्छा है,” मी म्हटलं. खोटं नव्हतं ते.

घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, इथेच राहू. तो खूश झाला, त्यालाही मनातून जायचं नव्हतंच. बाबांचं तिकीट या सप्टेंबरचं आहे, ते त्यांनी स्वतःहून काढायला सांगितलं. आता त्या मोठ्या रस्त्यावरून चालताना मी पाय जरा हलके टाकते. नवऱ्याच्या ते अजून लक्षात आलेलं नाही.